बत्तीशीला आलेली किळस

किळस न येण्याच्या बाबतीत बत्तीशीचा हात कुणी धरला नसता. आणि त्या हातातून काय काय गेलंय हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी तर मुळीच धरला नसता. बत्तीशी कवळ्या बनवायचा. घराच्याच पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, चाळीस वर्षं. दाताच्या दवाखान्यांतून मापं यायची, साचे यायचे. कधीकधी तुटलेली कवळीच रुमालात गुंडाळून यायची आणि तिच्या फटीत परवाचं जेवण मुक्कामाला असायचं. बत्तीशी ती नळाखाली धरून ब्रशने घासायचा, फुंकर मारायचा आणि तिच्याच शेजारी चहाचा कप ठेवायचा.

घरात त्याच्याखेरीज एकटी त्याची थोरली बहीण होती. अक्का टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. तिने आपली कपबशी वेगळ्या कपाटात ठेवली होती आणि त्या कपाटाला कुलूप होतं.

"हात धुतलेस का रे?"

"मगाशीच धुतले."

"मगाशी म्हणजे त्या दाढेच्या आधी की नंतर?"

बत्तीशी ब्रश उचलून पुढची कवळी घासायला घ्यायचा. साठी उलटली तरी काही प्रश्न टाळलेले बरे, हे धाकट्या भावाला कळतं.

त्याला अभिमान एकाच गोष्टीचा होता. शहरातल्या चारपाचशे तोंडांत त्याचे दात जेवत होते, हसत होते, वेळप्रसंगी थापा मारत होते. पण कुठलं तोंड कुणाचं, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा गाण्याच्या मैफिलीत सगळे डोळे मिटून ऐकत होते आणि बत्तीशी मात्र गायकाच्या वरच्या डाव्या सुळ्याकडे एकटक बघत होता. तो सुळा त्याने मुद्दाम जरासा तिरका बसवला होता, कारण सगळे दात एका ओळीत बसवले की तोंड कुंपणासारखं दिसतं. "काय बघतोस एवढं?" अक्काने विचारलं. "सूर," बत्तीशी म्हणाला.

पुढे दवाखान्यांनी फोटो पाठवायला सुरुवात केली. पेशंटचा चेहरा, ओठ मिटलेले, तोंड उघडलेलं, आत एकही दात नाही, खाली नाव आणि वय. हे सगळं ईमेलने यायचं. बत्तीशी ईमेलला पेटी म्हणायचा. सात वर्षांचे फोटो त्या पेटीत होते आणि अक्का खोलीत आली की तो कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे फिरवायचा.

बुधवारी दुपारी पेटीत डॉक्टरबाईंचा निरोप आला. डॉक्टरबाई म्हणजे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या दवाखान्याचं निम्मं काम त्याच्याकडेच. "अर्जंट केस आहे. वरची पूर्ण कवळी. फोटो खाली दिले आहेत." बत्तीशीने खाली टिचकी मारली. फोटोंऐवजी पेटीचं नेहमीचं पान उघडलं आणि पासवर्ड मागू लागलं. हे यंत्र अधूनमधून ओळख विसरतंच, म्हातारं झालंय, असं म्हणत बत्तीशीने मेणाने बरबटलेल्या एका बोटाने पासवर्ड टाइप केला. पान म्हणालं, थांबा. तो थांबला. तेवढ्यात मोबाइलवर सहा आकडी नंबर येऊन पडला आणि पाठोपाठ फोन वाजला. बत्तीशीने कोपराने स्पीकर चालू केला.

"नमस्कार सर. तुमच्या ईमेलच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. तुमच्या खात्यात कुणीतरी घुसायचा प्रयत्न करतंय. घाबरू नका, आपण त्याला लगेच बंद करू. आत्ता आलेला नंबर फक्त वाचून दाखवा."

इतक्या गोड आवाजात त्याच्याशी गेल्या दहा वर्षांत कुणी बोललं नव्हतं. हातात गरम मेण, चष्मा कपाळावर. "एक मिनिट हं," बत्तीशी म्हणाला. "अक्का, जरा हा नंबर वाच गं साहेबांना."

अक्का पदराला हात पुसत आली. मोबाइल हातभर लांब धरला आणि एक्स्चेंजमध्ये वाचायची तसं खणखणीत वाचलं, "हा नंबर कुणालाही सांगू नका. आमचे कर्मचारी तो कधीही विचारत नाहीत."

"आजी, ते नाही. त्याच्या वरचे आकडे."

"आकड्यांखाली हे लिहिलंय ना पण."

"ते बाहेरच्यांसाठी असतं आजी. आम्ही विभागातलेच आहोत."

"बाळा, मी एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले," अक्का म्हणाली. "तुझ्या मागे निदान सहाजण बसलेत आणि सहाही जण हेच वाक्य बोलतायत. विभाग म्हणतात तो हाच का?"

पलीकडचा आवाज एकदम बदलला. तो पुढे जे बोलला ते अक्काने अर्ध्यातच तोडलं. पण आपल्याला आई आहे हे तो विसरलाय, एवढं त्यातून कळलं.

"तू काय दिलंस याला?" अक्काने विचारलं.

"याला काहीच नाही. त्या पानावर पासवर्ड लिहिला."

"काय होता?"

"बत्तीशी, आणि पुढे बत्तीस."

"हा तर भाजीवाल्यानेही ओळखला असता." अक्काने खुर्ची ओढली. "पडदा इकडे कर. फोटो दाखवू नकोस, ते पान दाखव. आता मला सांग, समोर आलेला दात खरा की कवळीचा, हे तू कसं ओळखतोस?"

"दात बघतच नाही. दात कुणीही झकास करतं. दात हिरडीला मिळतो तिथे बघायचं. चोरी तिथे उघडी पडते."

"मग या पानाची हिरडी बघ. अगदी वर, पत्ता लिहिलेला असतो तिथे."

बत्तीशीने चष्मा नाकावर ओढला. पत्त्यात पेटीचं नाव होतं, पण त्याला एक रेघ जोडून पुढे भलतंच शेपूट लावलं होतं. चित्र तेच, रंग तेच, अक्षर तेच, घर मात्र दुसऱ्याचं. बत्तीशी बराच वेळ त्या शेपटाकडे बघत राहिला. ज्याने आयुष्यभर नकली दात विकले, त्याला नकली पान विकलं गेलं होतं.

मग अक्काने पहारा दिला आणि त्याने काम केलं. निरोपातल्या दुव्याला हात न लावता पेटीचा पत्ता स्वतः टाइप करून आत जायचं, नवा पासवर्ड ठेवायचा, बाकी सगळीकडून पेटी बंद करायची. हाच पासवर्ड दातांचं सामान मागवायच्या दुकानातही होता आणि वीजबिलाच्या खात्यातही, तिथलेही बदलले. पेटीत कोण कोण येऊन गेलं त्याची यादी निघाली, तिच्यात त्याचंच यंत्र होतं. नंबर न मिळाल्याने चोर दारातूनच परतला होता.

"सुटलो," बत्तीशी म्हणाला.

"पण निरोप कुणाच्या पत्त्यावरून आला होता?"

त्याने पुन्हा बघितलं. एकेक अक्षर लावून बघितलं. इथे शेपूट नव्हतं. पत्ता डॉक्टरबाईंचाच होता.

त्याने दवाखान्याचा जुना नंबर लावला. "डॉक्टर, तुमच्याकडून एक निरोप आलाय."

पलीकडचं ड्रिल थांबलं. मग, "काका, तुम्ही उघडला का तो?"

कुठला निरोप, असं त्यांनी विचारलंच नाही. बत्तीशी उठला, मोरीवर गेला, साबण लावून हात धुतले, परत लावून परत धुतले. अक्का दारातून बघत होती. पहिल्यांदाच तिने काही विचारलं नाही.

तासाभराने दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याला आतल्या खोलीत घेतलं आणि दार लोटलं. "सोमवारी मला असंच आलं होतं. मी तर नंबरही सांगून टाकला. दोन तास सगळं त्यांच्याकडे होतं. मग माझ्या भाच्याने सोडवून दिलं. म्हटलं, मिटलं एकदाचं."

"कुणाला कळवलंत?"

"कुणाला काय कळवणार, काका? लोक म्हणतील, एवढी शिकलेली बाई आणि."

"त्यात फोटो होते?"

"होते."

"नावांसकट?"

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा आरसा उगाचच उचलून जागेवर ठेवला. म्हणजे होते.

फटीतलं शिळं अन्न, पिवळी थुंकी, टाळूला चिकटलेला जुना डिंक, यातल्या कशानेही कधी झालं नव्हतं ते झालं. कुठल्यातरी खोलीत कुणीतरी बूड टेकवून, काहीतरी चघळत, ती उघडी तोंडं एकामागून एक सरकवत बसला असणार. जी तोंडं माणसं आरशालाही दाखवत नाहीत, ती. आणि सोमवार, मंगळवार, बुधवार ही समोरची चांगली बाई पांढरा कोट घालून त्याच माणसांना म्हणत होती, आ करा. किळस त्याला दोन्हीकडून आली, आणि कुठली जास्त घाण, ते त्याला ठरवता येईना.

"आजच्या आज सगळ्यांना सांगा," तो म्हणाला.

"पेशंट तुटतील माझे."

"तुटू देत. मला जो निरोप आला तो तुमच्या नावाने. उद्या त्यांना जाईल. तेही तुमचं नाव बघून उघडतील, जसा मी उघडला. तुम्ही सोमवारी तोंड उघडलं असतंत तर मी आज पासवर्ड लिहिला नसता."

"काका, तुम्ही रागावलात."

"रागावलो असतो तर बरं होतं. मला मळमळतंय. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो. मापांच्या डब्यांवर सगळ्यांचे फोन नंबर आहेत."

डॉक्टरबाईंनी खिडकीबाहेर बघितलं, मग घड्याळाकडे, मग त्याच्याकडे. तो काही उठण्याच्या बेतात दिसेना. त्यांनी रजिस्टर ओढलं.

पहिलं नाव घरीच शिवणाचे वर्ग चालवणाऱ्या बाईंचं निघालं. डॉक्टरबाईंनी स्पीकर लावला, तीनदा घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. निरोप, नंबर, दोन तास, फोटो. पलीकडे शिवणयंत्रांची खडखड चालू होती.

"फोटोत मी दातांसकट आहे की बिनदातांची?" बाईंनी विचारलं.

"बिनदातांच्या."

"पोरींनो, मशिनी बंद करा गं जरा." खडखड थांबली. दार लावल्याचा आवाज आला. "आमच्या ह्यांना ठाऊक नाही डॉक्टर. सहा वर्षं झाली. मी दिवा मालवल्यावर काढते आणि त्यांच्या आधी उठून घालते."

डॉक्टरबाईंनी फोन पुढे सरकवला. बत्तीशी फोनकडे वाकला. "बाई, मी तुमची कवळी केली तो. कुणी फोटो दाखवायची धमकी दिली तर काही द्यायचं नाही, सरळ पोलिसात जायचं. मी येतो बरोबर. डॉक्टरांच्या नावाने काही उघडायला आलं, माझ्या नावाने आलं, तरी उघडायचं नाही. आधी जुन्या नंबरावर फोन करून विचारायचं."

"म्हणजे ती माणसं ह्यांनाही फोन करतील?"

"करतील असं नाही. पण करू शकतात."

"त्या मेल्यांच्या तोंडून कळायच्या आधी मीच सांगते मग," बाई म्हणाल्या. "सहा वर्षं अंधारात कवळी काढण्याचाही कंटाळाच आला होता." आणि फोन न ठेवताच त्यांनी हाक मारली, "अहो, जरा इकडे या. बसा. नाही, चहा नंतर."

डॉक्टरबाईंनी हळूच फोन ठेवला. बत्तीशीने रजिस्टर आपल्याकडे वळवून दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. अजून दोनशे अकरा नावं होती.