मामंजींच्या मोरीचा दगड

माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, मोरीचा दगड निवडायला आठ महिने घेतले. मला पसंत करायला त्यांना एक दुपार पुरली होती, हे मी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्या नुसत्या हसल्या होत्या.

लढाईची वर्षं होती. तिसगावच्या आमच्या घरामागच्या परड्यातली जुनी मोरी मातीत बसवलेल्या तीन वाकड्या दगडांची होती. सांडपाणी भिंतीत मुरायचं आणि भिंत फुगायची. सिमेंट कंट्रोलवर होतं, आणि मिळालं असतं तरी मामंजींनी घेतलं नसतं. सिमेंटला ते पिठाचा दगड म्हणायचे, त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. शहाबादी फरशीचा एक तुकडा त्यांनी नगरहून आणला, त्यावर चिंचेचा कोळ चोपडून रात्रभर ठेवला. सकाळी फरशीवर पांढरा डाग. तांब्याचे हंडे आम्ही चिंचेनंच घासायचो, म्हणजे ही फरशी दहा वर्षांत खाल्ली जाणार. शेवटी खाणीतली काळ्या दगडाची सपाट, जाड चीप ठरली. हातोडीनं वाजवून, पाणी ओतून, मुरत नाही ना हे बघून त्यांनी ती घेतली. पाथरवटाकडून एका बाजूला भांड्यांसाठी उथळ खळगा आणि एक बोट उतार काढून घेतला. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरं.

चीप परड्यात येऊन पडली आणि चौथ्या दिवशी मामंजी जेवून उठता उठता कोसळले ते गेलेच.

स्मशानात मडकं फोडायला घेतलेला खडा घरी आला. दहा दिवस माणसाचा जीव त्या जीवखड्यात असतो, म्हणून त्यावर रोज पाणी घालायचं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, म्हणजे माणूस सुटला. मग खडा पाण्यात सोडायचा. आमच्याकडे तो पांढऱ्या फडक्यात गुंडाळून परड्यातल्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवला होता, आणि पाणी घालायचं काम आत्याबाईंकडे होतं.

सातव्या दिवशी गवंडी आला. दहाव्याला पाव्हणे येणार, त्यांना आंघोळीला जागा हवी, म्हणून चुलतसासऱ्यांनी काम पुरं करायला सांगितलं होतं. चीप बसली, पण एका कोपऱ्याला डुगडुगायला लागली. गवंडी म्हणाला, "वैनी, येक बारका दगूड टाका की हिकडं." आम्हाला सुतक, म्हणून तो अंतर राखून होता. कोनाड्याच्या भिंतीपाशी कोंबड्या उडत-उकरत होत्या. तिथला एक खडा उचलून मी त्याच्याकडे टाकला. त्यानं तो कोपऱ्याखाली ठोकला, चुना भरला, आणि चीप हलायची थांबली.

दहाव्याच्या सकाळी कोनाड्यात सुटलेलं फडकं होतं, खडा नव्हता. चुलतसासऱ्यांनी कुजबुजत नदीतला दुसरा खडा घेतला. पिंड मांडला. कावळे झाडावर बसून बघत राहिले, एकही खाली उतरला नाही. माझ्या नवऱ्यानं हात जोडून आईला सांभाळीन म्हणून सांगितलं, शेत विकणार नाही म्हणून सांगितलं, मोरी पुरी झाली हेही सांगितलं. दुपार टळली तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

पुरुष परतल्यावर हे ऐकलं आणि मला माझा हात आठवला. भर उन्हात मी उचललेला तो खडा ओला होता.

मग एक महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. मामंजी परड्यात येण्याआधी खाकरायचे, सुनेला कळावं म्हणून. आता चिपेवरचं पाणी ओसरताना शेवटी तसाच आवाज यायचा, एकदाच, कोरडा. नवा उतार आहे, हवा अडकत असेल, असं नवरा म्हणाला. मला ते पटलं नाही. अन्न जाईना. सांगितलं तर मला माहेरी धाडतील, आणि नाही सांगितलं तर मामंजी जन्मभर आमच्या खरकट्या पाण्याखाली अडकतील. माझ्या हातानं. या एका विचारानं मी वाळत चालले होते.

आत्याबाई रोज भांड्यांना बसण्याआधी एक तांब्या स्वच्छ पाणी चिपेच्या कोपऱ्यावर ओतायच्या. त्याच कोपऱ्यावर. एका दुपारी मला ते बघवेना. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "म्हाईत हाय मला. तू उचाललास तवा मी दारातच बसले हुते."

"मग तवाच का न्हाई बोललात?"

"तोंडाशी आलं हुतं. समदी त्येंना वाटंला लावाया बसली हुती. मला न्हवतं लावायचं."

मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. महिनाभर मी जळत होते, आणि ही बाई रोज पाणी घालत होती! मग त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात त्या ओल्या दगडावर पालथा टेकलेला होता.

"तुला लई भ्या वाटत आसंल तर आत्ता पहार आन," त्या म्हणाल्या. "म्या धरू लागते."

पहार दाराआडच होती. मी उठले, दारापर्यंत गेलेही. मग माघारी येऊन म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, आत्याबाई."

ही गोष्ट आम्ही दोघींनी माझ्या नवऱ्याला कधीच सांगितली नाही. आम्ही ते घर सोडेपर्यंत मी त्या मोरीत अंगावरचं लुगडं फेडून एकदाही आंघोळ केली नाही. सासऱ्यांसमोर कशी करणार?