चाळीस तासांची शाळा

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा आम्ही परदेशात, सेंगकांग नावाच्या उपनगरात राहत होतो आणि मी वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. घरापासून लांब एक जुनी, नावाजलेली प्राथमिक शाळा होती. आईबापांनी तिथे वर्षभरात चाळीस तास बिनपगारी काम केलं, तर पहिलीच्या प्रवेशात मुलाचा नंबर आधी लागे. माझे वडील आमच्या घराण्यातले पहिले मॅट्रिक. शाळेसाठी झिजायची मला लाज नव्हती.

आमच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे आमच्याच इमारतीत, पुण्याची एक बाई राहायची. तिचा मुलगा माझ्या मुलीएवढाच. या योजनेबद्दल मीच तिला सांगितलं, तिचा अर्जही मीच भरून दिला. दर बुधवारी अर्धी रजा टाकून मी तिच्याबरोबर जायची. वाचनालयाच्या पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालायची, शाळा सुटली की फाटकाशी उभं राहून गाड्या थांबवायच्या. माझ्या डॉक्टरेटचं तिथे कुणाला काही नव्हतं. आंटी, खुर्च्या उचला म्हटलं की उचलायच्या.

त्या वर्षी चाळीस तास भरलेल्यांचेच अर्ज जागांपेक्षा जास्त आले. शाळेच्या जवळ राहणाऱ्यांना आधी प्रवेश, उरलेल्या थोड्या जागांसाठी चिठ्ठ्या, असं ठरलं. चिठ्ठ्यांच्या दिवशी मी हॉलमध्ये तिच्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली. ती आलीच नाही. आमचा नंबर निघाला नाही.

लिफ्टपाशी भेटली तेव्हा मी विचारलं, कुठे होतीस? तिच्या मुलाला आधीच प्रवेश मिळाला होता. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांनी चार महिन्यांपूर्वी एक खोली भाड्याने घेतली होती. अर्जावर तोच पत्ता. राहत होते ते आमच्याच ब्लॉकमध्ये.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. आणि मग, "अगं, सगळ्यांनी सांगितलं तर जागा उरतील का?"

घरी नवऱ्याने तक्रार करूया म्हटलं. मी नको म्हणाले, आणि त्याला वाटलं मी मोठ्या मनाची आहे. खरं म्हणजे त्या पोराचं नाव कापलं गेलं असतं तरी ती जागा माझ्या मुलीला मिळणार नव्हती, आमच्या पुढे आणखी कितीतरी नावं होती.

शाळेने आभाराचं प्रमाणपत्र पाठवलं. माझं आडनाव त्यात चुकलं होतं.

मुलगी ब्लॉकसमोरच्या साध्या शाळेत गेली. चांगली शिकली, तिला कधी काही कमी वाटलं नाही. तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा हसून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, इट्स ओके लाह." तिच्यासाठी असेलही. मी मात्र त्या बाईशी पुन्हा बोलले नाही. एकाच लिफ्टमधून, सहा वर्षं. आणि त्यातलं सगळ्यात वाईट कुणाला सांगितलेलं नाही. ती खोली घ्यायचं आधी मला सुचलं असतं, तर मीही तिला सांगितलं नसतं.