रास अल जिंझला घातलेलं गाऱ्हाणं

असल्या गोष्टी वाचताना मी आधी लेखकाच्या झोपेची चौकशी करतो... त्यामुळे तुम्ही माझी केलीत तर तक्रार नाही.

गेल्या हिवाळ्यात सासू-सासरे व्हिजिट व्हिसावर आखातात आमच्याकडे, अल खौदला आले होते. मूळचे मालवणकडचे. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, स्मृतिभ्रंश; सासूबाईंना, आईंना, ते गेलं वर्षभर ‘अहो बाई’ म्हणतात, कामाला ठेवलेल्या बाईला म्हणावं तसं.

सूर शहराच्या पुढे रास अल जिंझला कासवांचा संरक्षित किनारा आहे, वर टेकाडावर हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीचे दगड. तिथला माहितीपट ऐकून वाटावं, वस्ती निवेदकानेच वसवली.

पहाटे कासवं बघून परतताना बायको म्हणाली, “अण्णा कुठेत?”

उजाडलं होतं. एका बाजूला कडा, दुसरीकडे खवळलेला समुद्र. मी, बायको आणि आमचा गाईड सालेम – तिघेही हाका मारत किनारा पालथा घालत होतो. अण्णांचं श्रवणयंत्र माझ्याच खिशात होतं, हे नंतर लक्षात आलं.

आई मात्र टेकाडावरच थांबल्या. मी त्यांना बघायला वर आलो, तेव्हा चप्पल काढून, हात जोडून पुटपुटत होत्या –

“बा राखणदारा, आमी परमुलखातली माणसां. इचारल्याशिवाय तुज्या हद्दीत इलव. चुकला-माकला पोटात घाल. आमचो माणूस आमका परत दी.”

मग माझ्याकडे बघून थांबल्या. गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणीतरी लागतं. दुसरं कोणी नव्हतं... मी म्हणालो.

थोड्या वेळाने अण्णा कड्याच्या बाजूने चालत आले. शांतपणे. सालेम म्हणाला, तिकडून वाटच नाही. तो नुकताच कड्यापर्यंत शोधून आला होता.

“एका माणसान हात धरून हाडल्यान,” अण्णा म्हणाले. “सांगल्यान, तुजी बायल हाक मारता.”

हाका आम्ही मारत होतो. त्यांच्या बायकोचा, आईंचा आवाज तर शेजारी उभ्या मलाही जेमतेम ऐकू आला होता.

डॉक्टर म्हणाले, या आजारात भास होतात. होत असतील. पण सकाळचा चहा विसरणारे अण्णा ही हकिकत आजही जशीच्या तशी सांगतात. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. आईंना ते नकोच आहे. रोज संध्याकाळी शेजारी बसून त्या विचारतात, “कोणाची बायल, ओ?”

“तूच मगो,” अण्णा म्हणतात.

नंतर पुन्हा ‘अहो बाई’.