फाळक्यावरच्या दोन थापा

"आज तू तळ्याकडं यायचं नाहीस म्हणजे नाहीस," चपलेत पाय सरकवत तो म्हणाला.

"विज्ञानाच्या बाईंनी सगळ्या वर्गाला बोलावलंय," लेक वेणी घालता घालता म्हणाली. "तुम्हीच नका येऊ."

"मी नाही टाकली खेप तर मागचा टाकेल."

"मग मागच्यालाच टाकू द्या की."

"आणि घर काय तळ्यावरचे तुझे बगळे चालवणार?" तिची आई आतून कडाडली. दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तो डंपर चालवायचा. पाडलेल्या घरांचा राडारोडा भरायचा आणि मुकादम सांगेल तिथं ओतायचा. गाडीवरची माणसं त्याला ठोकळा म्हणत. कुणी शिवी दिली तरी ठोकळा, विनोद केला तरी ठोकळा. पूर्वी तो असा नव्हता. एकदा त्याची गाडी मागं घेताना एका गड्याचा पाय चाकाखाली गेला. त्या दिवसापासून त्याचं हसू गेलं आणि रागही गेला. जेवायचा, पण भाजीत मीठ नसलं तरी त्याला सांगावं लागे.

त्याच अपघातानंतर मुकादमानं नियम घातला. आरशावर धूळ, इंजिनाच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही. म्हणून गाडी मागच्या फाळक्यावर हातानं मारलेल्या थापेवर चालायची. एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. आणि ज्यानं थांबवलं, त्यानंच पुन्हा एक थाप मारून सोडायचं. लेक लहानपणी सुट्टीत त्याच्याबरोबर गाडीवर यायची, तेव्हाच तिच्या हे अंगवळणी पडलं होतं.

आता ती दहावीत होती आणि अख्खा वर्ग वर्षभर त्या तळ्याच्या मागं लागला होता. पोरं काठावरचं प्लास्टिक वेचायची, झाडं लावायची, पाणी किती उतरलं ते बघायला काठ्या रोवायची. काठ्यांना लेकीनं बापाच्याच डंपरचा उरलेला पिवळा रंग फासला होता. अर्जावर अर्ज करून पोरांनी नगरपालिकेच्या साहेबाला पाहणीसाठी राजी केलं होतं. तो साहेब आज सकाळी यायचा होता. राडारोड्याच्या ठेकेदाराला हे कळलं आणि त्यानं निरोप धाडला : साहेब यायच्या आत उथळ बाजू भरून टाका. भरलेल्या जागेला तळं कोण म्हणतंय?

बांधावरची वाट एका गाडीपुरती. ठोकळ्याचा डंपर सगळ्यांच्या पुढं, बाकीचे त्याच्या पाठोपाठ. काठावर बाई आणि पोरं हातात फलक घेऊन उभी. त्यानं तिकडं बघितलंच नाही. तळ्याच्या तोंडाशी गाडी वळवली, मुकादमानं एक थाप दिली, त्यानं मागं घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात मुकादम बाईंशी हुज्जत घालायला गेला.

फाळक्यावर दोन थापा पडल्या.

पाय ब्रेकवर कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. इंजिन बंद करून तो उतरला, मागं गेला. चाकापासून हातभर अंतरावर एक पिवळी काठी होती. बाजूला लेक उभी होती, तळवा फाळक्यावर तसाच.

"अरे ठोकळ्या, थांबलास का? घे मागं!" मुकादम धावत आला.

"थाप पडली."

"मी कुठं मारली?"

"पडली ना पण."

"तुझ्या कार्टीनं मारली! दोन ठेवून दे तिला आणि घे गाडी."

"जिनं थांबवलं तिनंच सोडायचं. नियम तुमचाच आहे."

मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले. "काय रे, अंडी घालतोस का तिथं?" एक ड्रायव्हर ओरडला. पोरं हसली. ठोकळा हसला नाही. आपल्याला बरं वाटतंय का, हे त्यानं आत चाचपून पाहिलं. काहीच हाताला लागलं नाही.

लेक त्याच्याकडं बघत नव्हती. डंपर वाट अडवून तसाच उभा राहिला.

साहेब आला तो बांधाच्या टोकाला जीप सोडून, चिखलातून पाय ओढत. त्याला पाणीही दिसलं, काठ्याही दिसल्या आणि तळ्याकडं पाठ करून उभा असलेला भरलेला डंपरही दिसला. पोरं एकदम बोलू लागली. बाईंनी त्यांना एकेक करून बोलायला लावलं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि मुकादमाला म्हणाला, "निर्णय होईपर्यंत इथं एक पाटीही पडता कामा नये."

मुकादम ठोकळ्याजवळ आला. "उद्या तुला गाडीवर घ्यायचं की नाही, ते ठेकेदार बघेल. आज ही खेप जुन्या खाणीत ओत. आणि पुढची भरायला लवकर ये."

"बरं."

मागच्या गाड्या वाट सोडून गेल्या. त्यानं केबिनमध्ये चढून इंजिन चालू केलं आणि नुसता बसून राहिला.

"आता काय मुहूर्त बघतोस?" मुकादम खेकसला.

तो हलला नाही. लेक अजून गाडीच्या मागंच उभी होती.

फाळक्यावर एक थाप पडली.

त्यानं गाडी पहिल्यात टाकली. भरलेला डंपर कण्हत बांधावरून निघाला, खाणीच्या दिशेनं.