निळ्या ठिपक्याची डबी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. पहिली मुलगी झाली, त्याच पावसाळ्यात माझ्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे उठले आणि त्यांवर पांढऱ्या खपल्या धरू लागल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण आडून 'महारोग' हा शब्द कानावर यायचाच. सासूबाईंनी मुलगी आपल्या कुशीत घेतली. पाजायला ती मला मिळे, तीही दुपट्यात गुंडाळून. पोट भरलं की लगेच उचलून नेत. पोर माझी, आणि मी पाजायची मात्र परक्या दाईसारखी. संताप व्हायचा. त्यांना पोरीची काळजी होती हे कळत होतं, म्हणून भांडताही येत नव्हतं.

नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. तो मला तिथल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. त्वचेच्या डॉक्टरांनी माझे हात, कसलाही संकोच न करता, आपल्या हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. "हा महारोग नाही. सोरायसिस आहे. एकाचा दुसऱ्याला होत नाही."

"हे आमच्या घरी येऊन सांगा," मी म्हटलं.

ते हसले. मग त्यांनी मलमाच्या दोन डब्या पुढे ठेवल्या. एकीवर लाल ठिपका, ती उजव्या हाताची. दुसरीवर निळा, ती डाव्या हाताची. अदलाबदल अजिबात करायची नाही.

"यातलं चांगलं कुठलं?"

"ते मलाही ठाऊक नाही. तुमचे हात सांगतील. पुष्कळ जणांना असंच लावायला दिलंय, म्हणजे पुढच्यांना नेमकं औषध देता येईल. तुमची हरकत नसेल तरच हं."

माझी हरकत आहे का, हे तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं, लग्नाच्या वेळीसुद्धा नाही. मी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला.

दिवाळीपर्यंत उजवा हात स्वच्छ झाला. डावा मात्र जसाच्या तसा.

"गो, ज्यानं गुण आला तेच डाव्याला लाव की," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही हात बरे झाले तर पोर तुझ्यापाशी निजेल."

याहून मोठं आमिष त्यांना दाखवता आलं नसतं. लाल ठिपक्याची डबी मी उघडली, बोट आत घातलं, आणि पुसून झाकण लावलं.

"डॉक्टरांना शब्द दिलाय."

"डॉक्टर काय बघायला येतोय इथं?"

"नाय येत. म्हणून तर."

"येडी हायस," म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

संध्याकाळी आम्ही दोघी पडवीत बसायचो. पोर त्यांच्या मांडीवर, मी समोर. रिकाम्या हातांचं काय करावं ते मला सुचत नसे, म्हणून मी हातांची घडी घालून बसे. एके दिवशी त्या टक लावून पाहत होत्या. मला वाटलं, आता पुन्हा मलमावरून बोलणार.

"रोज अशीच बसतेस ना?"

"मग काय करू?"

"डावा हात उजव्यावर टेकलेला असतो तुझा. रोज."

"असतो."

"नि उजव्याला परत काय झालं नाय."

मी खाली पाहिलं. माझेच हात, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पोरीला तेल चोळून न्हाऊ घातलं आणि दुपट्याकडे न बघता, तशीच ओली, उघडी, माझ्या डाव्या हातावर आणून ठेवली.

"नीट धर. निसटेल," एवढंच म्हणाल्या. मी रडले, आणि त्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं. त्याचेही मी उपकारच मानते.

चट्टे पुढे आयुष्यभर येत-जात राहिले. दिवाळीनंतर तपासणीच्या खेपेला मात्र मी मुलीला कडेवर घेऊनच इस्पितळात गेले. डॉक्टरांनी दोन्ही हात पाहिले. माझ्या डाव्या हाताचंच त्यांना वाईट वाटलं.

"निळ्याचा तुम्हाला काहीच उपयोग झाला नाही."

"झाला," मी म्हटलं, आणि मुलीला या हातावरून त्या हातावर घेतलं. "ही त्याच्यामुळेच मिळाली मला."