चाचांचे आठ दिवस

गेल्या सोमवारी संध्याकाळी सहा वाजता अमरावतीच्या आपल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीनं संगणक सांभाळणाऱ्या चाचांवर अन्याय केला. संगणक कक्षातून त्यांना काढलं. कारण काय, तर 'जुनाट'. ठरावाला वर झालेल्या हातांत माझाही हात होता, म्हणून हे पत्रक मीच लिहिते आहे.

चाचांइतका संशयी माणूस साऱ्या वऱ्हाडात सापडायचा नाही. मूळचे बाळापूरचे. लोक पोरीच्या स्थळाची करत नाहीत इतकी चौकशी ते नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची करतात. "नवी आवृत्ती म्हंजे नवा जावई," ते म्हणायचे, "सहा महिने त्याले कपाटाची किल्ली देऊ नये." चार लोकांनी वापरून मुरलेली, पण सुरक्षेचे अपडेट अजून येत असलेली, तीच त्यांना पसंत. अपडेट आलं की आधी कोपऱ्यातल्या एकाच संगणकावर. मग आठ दिवस त्याची सेवा. रोज एक पान छापायचं, एक स्कॅन करायचं, जोडाक्षरांची एक ओळ टाइप करायची आणि ताप पाहावा तसा त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. तब्येत बरी निघाली तर मंगळवारी, वाचनालय बंद असताना, बाकीच्यांना. स्वतःच्या टेबलावरच्याला सगळ्यांत शेवटी. एवढा उशीर काहून, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बेटा, सगळ्याइले एकाच दिवशी आजारी पाडून कसं चालन?" मी हसले होते.

त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसानं बुधवारी एका दमात दहाही संगणकांवर ताजी आवृत्ती चढवली. चाचांच्या टेबलावरचा अकरावा भंगार म्हणून अडगळीत टाकला. गुरुवार हा प्रवेश अर्जांचा शेवटचा दिवस. नांदगाव पेठेहून मुली कागदपत्रं घेऊन आल्या, आणि दहापैकी एकही संगणक स्कॅनरला ओळख दाखवेना. चाचा बाहेरच्या दालनात पेपर वाचत बसले होते; काढल्यावरही त्यांनी येणं सोडलं नव्हतं. मी मान खाली घालून त्यांच्यापुढे उभी राहिले. ते एवढंच म्हणाले, "अडगळीची किल्ली आण."

अडगळीतून काढलेल्या, जुन्याच आवृत्तीच्या त्या एका संगणकावर, एकेक करत, संध्याकाळपर्यंत सगळ्या मुलींचे अर्ज गेले. मग चाचांनी त्याच्यावर कापड पांघरलं आणि पुन्हा पेपर उघडून बसले. कक्षाचं दार दिसेल अशा खुर्चीत.

रविवारी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा आहे. माझा हात एकदा चुकीच्या ठरावाला वर गेला. तुम्ही सभासद असाल तर या, आणि चाचांना परत बोलावण्यासाठी तुमचा हात वर करा.