झाकण नसलेली मशीन

असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. एक सांगितला की ऐकणारी विचारते, "अन् मंग काय झालं?" की दुसरा आठवतो. आमच्या महिला मंडळाचे किस्से असेच साठत गेले. बायका धान्य निवडायला बसल्या की मलाच सांगायला लावतात, कारण तेव्हा मी मंडळाची चिटणीस होते. मॅट्रिक झालेली मी एकटीच, म्हणून प्रत्येक कागदावर सही माझी! आता सांगताना हसू येतं. पण त्या दोन वर्षांत पोस्टमनची सायकल आमच्या गल्लीत वळली की मी दार लोटून घ्यायची.

*

आमचं गाव धानोऱ्याच्या रस्त्यावर, जंगलाला लागून. उन्हाळ्यात बायका चार नावाच्या झाडाच्या बिया गोळा करतात, धुऊन वाळवतात आणि जात्यावर हलक्या हाताने फोडून चारोळी काढतात. हात जरा जड पडला की आतल्या दाण्याचा भुगा. भुग्याकडे व्यापारी बघतही नाही.

आमच्या अध्यक्ष सुमनबाईंचं मनगट एकदा असं सुजलं की त्यांना भाकर थापता येईना. हमीदभाईंनी ते पाहिलं. त्यांचं चौकात सायकल दुरुस्तीचं आणि वेल्डिंगचं दुकान. म्हणाले, "बाई, याची मशीन बनवतो मी."

चार-पाच महिने ते त्याच नादात होते. सायकलचं पायडल, चेन, खाली दोन लोखंडी रूळ आणि एका रुळावर ट्रकच्या टायरचं रबर. बाईने बसून पायडल मारायचं आणि वरून बिया सोडायच्या. पहिल्या दिवशी सगळं मंडळ जमलं. बिया टाकल्या, खाली पीठ पडलं. दुसऱ्यांदाही पीठच.

सुमनबाई म्हणाल्या, "भाऊ, हे चारोळीची मशीन हाये का बेसनाची?"

हमीदभाईंनी रूळ केसभर सरकवले. तिसऱ्यांदा अख्खे, गोरे दाणे पडले. सुमनबाईंनी पहिला दाणा स्वतः खाल्ला नाही, हमीदभाईंच्या हातावर ठेवला.

*

त्यानंतर हमीदभाई ती मशीन हातगाडीवर घालून प्रत्येक आठवडी बाजारात नेऊ लागले. रुळांवर त्यांनी आधी पत्र्याचं झाकण बसवलं होतं. पण आमच्याकडे बंद वस्तूवर कोणाचा विश्वास बसत नाही. मडकं असो की मशीन, आत डोकावल्याशिवाय माणूस पुढे सरकत नाही. लोक म्हणायचे, "भाऊ, अंदर काय हाये ते दाखवा न!" मग त्यांनी झाकणच काढून टाकलं.

मला काळजी वाटायची. मी म्हटलं, "भाऊ, कोणी पाहून तशीच बनवली तर?"

"चांगली चीज हाये बाई. चोरीची हाये का लपवाले?"

एकदा चंद्रपूरचा एक कारखानदार आला. फार गोड बोलणारा. दोन कप चहा प्यायला आणि खिशातून दोरा काढून रुळांची मापं घेऊ लागला. मशीन लांब, दोरा एका हाताने ताणता येईना.

दोऱ्याचं दुसरं टोक हमीदभाईंनी धरलं!

*

पुढच्या हंगामात तीच मशीन चंद्रपूरच्या दुकानात दिसली. हिरवा रंग, आणि वर पितळी पट्टी: 'पेटंट'.

हमीदभाई दोन दिवस जेवले नाहीत. ते, सुमनबाई आणि मी, असे आम्ही तिघं गडचिरोलीला खोब्रागडे वकिलांकडे गेलो. त्यांचं बहुतेक काम शेताच्या धुऱ्या-बांधांचं आणि वाटण्यांचं, पण माणूस कष्टाळू. त्यांनी नागपूरहून पुस्तक मागवलं, वाचलं आणि आम्हाला परत बोलावलं.

"पेटंट म्हणजे सरकारशी सौदा आहे," ते म्हणाले. "तुमची युक्ती तुम्ही पूर्ण लिहून द्यायची, काही न लपवता. बदल्यात ठरावीक वर्षं दुसऱ्या कोणाला ती बनवता येत नाही. पण युक्ती नवी पाहिजे. अर्जाच्या आधीच चारचौघांत दाखवली तर ती नवी राहत नाही."

हमीदभाई विचारात पडले. "म्हणजे साहेब, दाखवाची तर होतीच. फक्त सरकारले पहिले दाखवाची होती?"

"बरोबर. आता सांगा, आधी कोणाकोणाला दाखवली?"

मी प्रामाणिकपणे बाजारांची नावं सांगायला लागले. धानोरा झालं, आरमोरी झालं, तहसीलदार साहेब झाले, शाळेचं स्नेहसंमेलन झालं. वकिलांनी पेन खाली ठेवलं. "बाई, कोणाला नाही दाखवली, तेवढंच सांगा."

सुमनबाई म्हणाल्या, "तुमालेच राह्यली साहेब!"

*

पण वकिलांना त्या पितळी पट्टीने झोप येऊ दिली नाही. जी मशीन आपल्या बाजारात वर्षभर फिरली तिचं पेटंट त्या कारखानदाराला तरी कसं मिळेल? आणि पेटंट नसताना 'पेटंट' लिहिणं हा गुन्हा आहे. त्यांनी पत्र धाडलं की आपला पेटंट नंबर कळवावा.

महिन्याने उत्तर आलं. नंबर पट्टीवर होता, पण मशीन रंगवताना रंगाखाली गेला!

वकिलांनी परत लिहिलं, "कृपया रंग खरवडून कळवावे."

त्याचं उत्तर आलं नाही. पण पुढच्या मशीनवर पट्टी नव्हती. हमीदभाईंनी तेवढ्यात समाधान मानलं. वकील म्हणाले, "त्याला अडवता येणार नाही, पण तुम्हालाही कोणी अडवू शकत नाही. बनवा आणि विका." म्हणून मंडळाने मशीन विकायला काढली. बनवणार हमीदभाई, विकणार मंडळ, बिलावर सही माझी.

*

त्याच सुमाराला ग्राहकांसाठी नवा कायदा आला होता. गडचिरोलीला त्याचं शिबिर झालं. एका साहेबांनी छान समजावलं. वस्तू खराब निघाली तर विकणाऱ्याने दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी, पैसे परत करावे; नुकसान झालं तर भरपाई द्यावी. तक्रार साध्या कागदावर चालते, वकील लागत नाही. मात्र बिल जपून ठेवा!

सुमनबाईंनी ते फारच मनावर घेतलं. मिठाला बिल, बांगड्यांना बिल. एकदा बाजारात त्यांनी कोंबडी घेतली आणि विकणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बाबा, बिल द्या. अंडी नाई देल्ली तर मी कोणाले धरू?"

म्हातारा म्हणाला, "तिलेच धरा बाई. तिचा पाय तुमच्याच हातात हाये."

आम्ही खूप हसलो. आपण ग्राहक आहोत, कायदा आपल्या बाजूचा, एवढंच डोक्यात होतं. बिल देणाऱ्यांत आता आपणही बसतो, हे एकीच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

*

मंडळाच्या पाटीचाही किस्सा आहे. पेंटर म्हणाला, मजकूर द्या. मी लिहून दिलं, 'चारोळीची मशीन. सोपी, मजबूत.' त्याने रंगवलं आणि लांब उभा राहून बघितलं. ओळ उजवीकडे रिकामी दिसत होती. "एक शब्द बसते अजून," तो म्हणाला.

सुमनबाईंनी लगेच सुचवलं, "बिनधोक."

छान बसला शब्द. जाहिरातीच्या कागदावरही तोच मजकूर छापला. सहा मशीन विकल्या. शेवटची थेट सिरोंच्याला गेली, गोदावरीच्या काठी. घेणारी राजक्का स्वतः बसने आली होती. तेलुगू बोलणारी, मराठी तुटक. मशीन बसच्या टपावर चढवून घेतली आणि मला दोन्ही हात जोडून गेली.

*

चार महिन्यांनी पोस्टमन आमच्या गल्लीत वळला तो माझ्याकडेच. जिल्हा ग्राहक मंचाची नोटीस होती. तक्रार करणारी राजक्का. बिया अडकल्या म्हणून तिने बोटाने ढकलल्या, पाय पायडलवर चालू होता. उजव्या हाताची दोन बोटं रुळांत गेली. रुळांवर झाकण नव्हतं. सोबत आमच्या जाहिरातीचा कागद जोडला होता आणि 'बिनधोक' या शब्दाखाली लाल रेघ होती.

मी तो कागद पदराखाली धरून हमीदभाईंच्या दुकानात गेले. वाचून दाखवला. ते स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. मग उठले आणि पत्रा कापायला घेतला. आठ दिवसांत त्यांनी जवळच्या पाचही मशीनना घरोघरी जाऊन झाकणं बसवली. सहावं झाकण तयार करून ठेवलं.

वकिलांनी विचारलं, "तो शब्द कोणी लिहिला?"

सुमनबाई हळूच म्हणाल्या, "ओळ रिकामी दिसून राह्यली होती साहेब."

पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यावर कोणी हसलं नाही.

*

वकिलांनी पुन्हा पुस्तक वाचलं. या वेळी त्यांचा चेहरा उजळ होता. "वाचलो! हा कायदा घरच्या वापरासाठी घेणाऱ्याला आहे. धंद्यासाठी वस्तू घेणारा ग्राहक नाही. राजक्का चारोळी फोडून विकते. म्हणजे धंदा. पहिल्याच तारखेला अर्ज काढून टाकायला लावतो."

मी विचारलं, "आणि मग तिच्या बोटांचं?"

"बाई, भरपाई द्यायची वेळ आली तर मंडळ बुडेल. मंडळातल्या सतरा जणींची घरं आहेत तुमच्या मागे. तिला दुसऱ्या कोर्टात जाता येईल."

"सिरोंच्याहून?"

त्यांनी पुस्तक मिटलं. हमीदभाई म्हणाले, "ते केस-बीस तुमी पाहा साहेब. मी तिचं झाकण देऊन येतो."

वकील खुर्चीतून उठले. "मुळीच नाही! झाकण नेलं म्हणजे आधी चूक होती हे कबूल केलं. निकाल लागेपर्यंत तिकडे पाऊल टाकायचं नाही. पत्रसुद्धा पाठवायचं नाही."

म्हणून ते झाकण दुकानात खिळ्याला टांगून राहिलं. दीड महिना. माझी झोप गेली होती. डोळा लागला की सतरा घरं दिसायची, आणि त्यातून उठले की ती मशीन दिसायची, उघडी.

*

तारखेच्या दिवशी हमीदभाई झाकण पोत्यात गुंडाळून घेऊनच आले. वकिलांचा पारा चढला. "हे आत न्यायचं नाही! आयुष्यभर सगळ्यांना दाखवत आलात, आजचा एक दिवस लपवा!" सुमनबाई ते मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसल्या.

आत मंचाचे अध्यक्ष साहेब आणि दोन सदस्य. राजक्का समोर उभी होती. उजवा हात पदरात गुंडाळलेला. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, ओळखीची माणसं हलवतात तशी. मला तिची नजर झेलता आली नाही.

वकील उभे राहिले. "साहेब, सुरुवातीलाच आमची हरकत आहे. अर्जदार ही कायद्याने ग्राहकच नाही."

अध्यक्षांनी चष्म्यावरून विचारलं, "मशीन तुमचीच होती?"

"तो प्रश्न नंतरचा, साहेब."

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. "साहेब, बिलावर सही माझी आहे. मशीन आमचीच. झाकण होतं, ते आम्हीच काढलं आणि मशीन तशीच विकली."

वकिलांनी कपाळाला हात लावला. अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, तुम्ही काय बोललात ते समजून बोललात ना?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी बाजूच्या सदस्यांशी काही बोलून घेतलं. मग म्हणाले, "हरकतीवर दोन्ही बाजू ऐकाव्या लागतील. पुढच्या महिन्याची तारीख देतो." आणि राजक्काकडे वळले. "तुम्हाला काय पाहिजे ते तोवर नीट लिहून आणा. मशीन परत, पैसे, भरपाई, जे असेल ते."

राजक्का पुढे आली. "तारीख वद्दु, सार," ती म्हणाली. तारीख नको.

"मग काय पाहिजे?"

तिने मराठी शब्द शोधले. डाव्या हाताने हवेत वाकडा पत्रा दाखवला, रुळांवर बसवतात तसा.

"मला हात नाही. आता माझी बहीण बसते मशीनवर. आज पण बसली, सार. आता बसली आहे."

वकील माझ्याकडे पाहत होते, मी खाली.

मागच्या बाकावरून हमीदभाई उठले. टोपी सरळ केली, हात जोडले.

"माफ करा साहेब," ते म्हणाले, "सिरोंच्याची गाडी किती वाजता हाये?"